बिनधुराचं भरीत

भरीत हे कपाशीच्या काड्यांवरच भाजलं पाहिजे. जो ते दुसऱ्या कशावर भाजतो त्याच्या हवाली माणसाने आपलं गुपित, आपली लेक आणि एसटीत रुमाल टाकून धरलेली जागा, या तीन गोष्टी कधीही करू नयेत.

हे वाक्य मी गेल्या वैशाखात धुळ्याला, जीवरामच्या नातवाच्या जावळाला, पन्नास माणसांसमोर उभा राहून बोललो. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी जीवरामची होती. माझ्या हातात ताट होतं, ताटात भरीत होतं आणि ते मी तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं होतं. ते गॅसच्या भट्टीवर भाजलेलं आहे, हे आचाऱ्याने मला हात धुताना हळूच सांगितलं. मी म्हटलं, भाऊ, हे आपल्या दोघांत राहू द्या. त्याने राहू दिलं. आचारी विश्वासू निघाला. माणसाला दगा होतो तो आचाऱ्याकडून होत नाही.

जीवराम आणि मी पाटबंधारे खात्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना तेवीस वर्षं बसलो. मधे फायलींचा ढीग असल्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. निवृत्त झाल्यावर तो धुळ्याला मुलाकडे गेला, मी जळगावात आमच्या कॉलनीतच राहिलो. पण डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी माझ्या परसात कॉलनीचं भरीत व्हायचं, आणि ते आम्ही दोघं करायचो. एकतीस वर्षं. बामणोदची हिरवी, गुबगुबीत वांगी मी आणायची. जीवरामने वाटेत पारोळ्याला उतरायचं, भावाच्या शेतातून वाळलेल्या काड्यांचा भारा बांधायचा आणि कंडक्टरशी भांडत तो जळगावपर्यंत आणायचा. भाजणारा तो. सोलणारा आणि ठेचणारा मी.

ठेचायची बडगीत. बाहेरगावच्या माणसाला सांगायचं तर बडगी म्हणजे लाकडाचा ओंडका कोरून केलेलं खोलगट भांडं. आमची बडगी हारुनभाईच्या वडिलांनी बाभळीत कोरून दिली होती. हारुनभाई आमच्या मागच्या गल्लीतले सुतार. वडील गेल्यापासून बडगीची डागडुजी तेच करतात आणि त्याबद्दल फक्त भरीत घेतात. बडगी आमची दोघांची सामाईक. संसारात ज्या गोष्टी वाटून घेता येत नाहीत त्यांत ती पहिली.

सोलण्याचं म्हणाल तर वांगं सोलायचं ते गरम असतानाच. एकतीस वर्षं निखाऱ्यासारखी वांगी सोलून माझ्या उजव्या हाताची बोटं शहाबादी फरशीसारखी गुळगुळीत झालीत. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला जातो, तर ते अंगठ्याचं यंत्र मला ओळखत नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. समोरची पोरगी म्हणते, बाबा, जोरात दाबा. मी जोरात दाबतो. सरकारच्या लेखी मी दर नोव्हेंबरात तास-दीड तास मेलेला असतो. हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

आणि धूर. काड्या पेटल्या की परसात असा धूर कोंडायचा की समोरचा माणूस दिसत नसे. जीवरामचा थोरला भाऊ गेला त्या वर्षी तो आगीसमोर बसून तासभर डोळे पुसत होता. मी म्हटलं, “काड्या ओल्या दिसतात.” तो म्हणाला, “हाव ना, ओल्या शेतस.” माझा हितेंद्र नोकरीसाठी पुण्याला गेला त्या वर्षी काड्या पुन्हा ओल्या निघाल्या. आमच्या वयाच्या माणसांना एकमेकांसमोर रडायची खानदेशात दुसरी सोय नाही.

तर मागच्या डिसेंबरात हा हितेंद्र भरितासाठी पुण्याहून आला आणि येताना एक खोकं घेऊन आला. खोक्यावर एक गोरा माणूस दात दाखवत मांस भाजत होता.

“पप्पा, ग्रिल,” हितेंद्र म्हणाला. “सोबत एकवीस अ‍ॅक्सेसरीज.”

ग्रिल म्हणजे तीन पायांची लोखंडी पाटी आणि वर जाळी. पण त्याचा लवाजमा असा, की आमच्या खात्यात कार्यकारी अभियंत्यालाही एवढा नव्हता. हातभर लांबीचा चिमटा, म्हणजे विस्तवाशी ओळख न ठेवता वांगं उलटता यावं. तेल लावायचा मऊ ब्रश. जाळी घासायचा कडक ब्रश. वांग्याच्या पोटात खुपसायचा थर्मामीटर. कोपरापर्यंत येणारे जाडजूड हातमोजे. कोळसे पेटवायचं एक नळकांडं. इंग्रजी अक्षरं छापलेला एक काळा एप्रन. हितेंद्रने वाचून दाखवलं, ‘किंग ऑफ द ग्रिल’. एकवीस नगांपैकी सात सळयाच होत्या, हे मी मोजून दाखवलं.

“वांग्याला ताप आला का ते बघायचं?” मी थर्मामीटर वर धरून विचारलं.

जीवराम इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो उठला, बडगीवर उजवा हात ठेवला आणि कॉलनीतल्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मना हात ह्या लोखंडले लागना, तं नाना, माले भाऊ म्हनू नको.”

मीही हात ठेवला. शपथ झाली. खोकं माळ्यावर गेलं. हितेंद्र थोडा हिरमुसला, पण तीन भाकरी खाऊन सावरला.

होळीच्या सुमाराला जीवराम एका लग्नाहून परतताना आमच्याकडे दोन दिवस राहिला. निघताना त्याच्यासोबत चादरीत बांधलेलं एक मोठं गाठोडं होतं. आमच्या धुरपदाबाई म्हणाल्या, जुनी गादी आहे, धुळ्याला चांगला पिंजारी आहे, पिंजून आणतील भाऊ. मी म्हटलं, बरं. बसस्टँडवर गाठोडं मीच खांद्यावर घेतलं, कारण जीवरामचा खांदा दुखत होता.

“भारी आहे रे कापूस,” मी म्हणालो.

“ओला शे,” जीवराम म्हणाला.

मी ते गाठोडं स्वतः बसमध्ये चढवलं आणि वर कंडक्टरला, जपून, म्हणून सांगितलं. गादी अजून पिंजून आलेली नाही.

यंदाचा डिसेंबर आला. आठवडाभर आधी जीवरामचा फोन. मागच्या वर्षी मागच्या बंगल्यातल्या बाईंनी वाळत घातलेल्या साड्यांना धुराचा वास लागतो म्हणून तक्रार केली होती, तर उगाच वाद नको. वांगी तू इकडे पाठव, मी पारोळ्याला शेतातच काड्यांवर भाजतो आणि डबे भरून घेऊन येतो. मला त्याच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं. वांगी पाठवली.

रविवारी अकरा वाजता जीवराम चार मोठे डबे घेऊन उतरला. कपडे स्वच्छ. डोळे स्वच्छ. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. एकतीस वर्षांत त्या दिवशी त्याचे डोळे मी पांढरे कधी पाहिले नव्हते.

परसात चाळीस माणसं जमलेली. धुरपदाबाई आणि शेजारणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी बडगीशी बसलो आणि पहिला डबा उघडला. वांगी कोमट होती. बोटांना चटका बसला नाही. बोटं जरा बावचळली. पहिलं वांगं सोललं. दुसरं सोलायला घेतलं आणि थांबलो.

वांग्याच्या सालीवर रेघा होत्या. काळ्या, सरळ, एकमेकींना समांतर.

काड्यांच्या आगीत वांगं सगळीकडून काळं होतं, नको तिथे जळतं, एखाद्या ठिकाणी कच्चंही राहतं. ते आखीव होत नाही. मी शेजारी बसून लसूण सोलणाऱ्या हारुनभाईंपुढे वांगं धरलं.

“हारुनभाई, हे काय असेल?”

हारुनभाईंनी वांगं फिरवून पाहिलं. मग सवयीने खिशातून टेप काढली आणि वांग्याला लावली. “पाऊण इंच,” ते म्हणाले. पुढची रेघ मोजली. “पाऊण इंच.” तिसरी मोजली. मग टेप गुंडाळत हळू आवाजात म्हणाले, “नाना, आग को फुटपट्टी नहीं आती.”

मी जीवरामकडे पाहिलं. तो पलीकडे बाजेवर बसून लोकांना, यंदा काड्या कशा छान वाळलेल्या मिळाल्या, ते सांगत होता.

चाळीस माणसं ताटं घेऊन बसलेली असताना मैत्री मोडता येत नाही. आधी वाढावं लागतं. मी ठेचत राहिलो. त्या दिवशी वांग्यांना जेवढं ठेचलं तेवढं गेल्या एकतीस वर्षांत ठेचलं नसेल. मिरच्या, लसूण, वर तेलात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. वाढलं.

कॉलनीचा सेक्रेटरी चंदन पहिला घास घेऊन थांबला. पस्तिशीचा मुलगा, बँकेत आहे, मोजून बोलतो. म्हणाला, “नाना, इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. कुठे कच्चं नाही, कुठे करपट नाही.”

“लोण्यासारखं उतरलंय,” कोणीतरी म्हणालं.

“जीवरामभाऊंच्या हाताला वय लागलं नाही,” आणखी कोणीतरी.

मी घास घेतला. इथे मी खोटं लिहू शकलो असतो. पण या गोष्टीत खोटं बोलणारे आधीच पुष्कळ आहेत. भरीत उत्तम होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. माणसाला जिभेचंही पाठबळ राहू नये, यापरतं एकटेपण नाही.

जीवराम तीनच्या बसने गेला. मी शिडी लावून माळ्यावर चढलो. खोकं जागेवर होतं. गोरा माणूस दात दाखवत होता. उघडलं तर आत गादी होती.

मी खाली उतरलो. “अगं, गादी तर इथेच आहे.”

धुरपदाबाई उरलेल्या भाकरी फडक्यात बांधत होत्या. “मग कुठे जाईल?” त्या म्हणाल्या.

“मी मग काय चढवलं बसमध्ये?”

“ते नाही का लोखंडाचं. पडूनच होतं. भाऊंनी मागितलं, मी दिलं. आणि चढवलं तुम्हीच. जपून म्हणालात.”

“तू मला सांगितलं नाहीस?”

“सांगून काय, तुम्ही भाषण केलं असतं.” मग त्यांनीच पुढचं सांगून टाकलं. “सगळं नाही दिलं. चिमटा ठेवून घेतला, पापडाला बरा पडतो. आणि तो मऊ ब्रश.”

“ब्रशचं काय करतेस?”

“रोज सकाळी तुमच्या गुडघ्याला तेल कशाने लावते मग?”

मी गुडघ्याकडे पाहिलं. होळीपासून त्याला आराम होता. तोही त्यांच्यात सामील होता.

त्या रात्री काय झालं ते सांगण्यासारखं नाही, मी झोपलो. सकाळी बडगी धुतली, पिशवीत घातली आणि हारुनभाईंच्या दुकानात गेलो.

“हिचे दोन भाग करून द्या,” मी म्हणालो. “एक त्याचा, एक माझा.”

हारुनभाईंनी बडगी मांडीवर घेतली, आतून हात फिरवला. “नाना, अर्ध्या बडगीत भरीत राहत नाही. दोन ढलप्या होतील. अब्बांची वस्तू आहे, माझ्या हातून होणार नाही.” मग बडगी परत देत म्हणाले, “जा, भांडून या. पण आख्खी घेऊन जा.”

म्हणून मी आख्खी बडगी मांडीवर घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसलो. ठरवलं होतं असं : त्याच्या दारात जायचं, बडगी त्याच्यासमोर ठेवायची, तिच्यावर हात ठेवून त्याने काय शपथ घेतली होती ते त्याच्याच तोंडून वदवायचं, आणि मग बडगी उचलून कायमचं निघायचं. वाक्यंही तयार केली. एरंडोलपर्यंत ती जरा कडक होती. पारोळ्याला बस थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात काड्यांचे ढीग दिसले आणि मला एक नवीन विचार सुचला. कदाचित त्याला दमा झाला असेल. डॉक्टरने धूर बंद सांगितला असेल, आणि आपली जागा जाईल म्हणून बिचाऱ्याने लपवलं असेल. पारोळा ते धुळे या वाटेत मी त्याला दमा, मोतीबिंदू आणि छातीची एक छोटी शस्त्रक्रिया, एवढं दिलं. उतरलो तेव्हा मी त्याला माफ करायच्या बेताला आलो होतो.

जीवरामच्या घरी दार उघडं होतं. स्वयंपाकघरात त्याच्या कौतिकबाई दुधाच्या पातेल्यात काहीतरी बुडवून बघत होत्या. थर्मामीटर होता.

“या नाना,” त्या म्हणाल्या. “विरजण लावते. यानं दही काय लागतं! हे मागे आहेत.”

मागे अंगणात जीवराम उभा होता. अंगात काळा एप्रन. हातात कोपरापर्यंत हातमोजे. समोर तीन पायांवर ते लोखंड. जाळीवर कणसं होती, रताळी होती, आणि एका कोपऱ्यात दोन वांगी. कोळसे शांत होते, हापिसात चार वाजता कारकून असतात तसे. धूर नावाला नव्हता.

“अरे नाना! कसा काय उना? बस, बस. कणीस खास का?”

मी बडगी त्याच्या समोर ओट्यावर ठेवली. तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आलं नाही.

“जीवराम,” मी म्हणालो, “दमा झालाय का तुला?”

“माले? नही.”

“डॉक्टरने धूर बंद केला?”

“नही रे.”

“डोळ्यांचं काही? मोतीबिंदू?”

“नही. पेपर वाचस मी बिनचष्म्याना.”

“छातीचं?”

आता तो घाबरला. “नाना, तुले कोनी काय सांगं? माले काय व्हयनं?”

“मग का?” मी विचारलं.

त्याने जाळीकडे पाहिलं, वांगं उलटलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि तेवीस वर्षं टेबलाच्या पलीकडून ज्या चेहऱ्याने तो मला उद्या सुट्टी आहे असं सांगायचा, त्याच चेहऱ्याने म्हणाला :

“सोपं पडस, नाना.”

एवढंच. दमा नाही, मोतीबिंदू नाही. काड्या नाहीत, भारा नाही, कंडक्टर नाही. सोपं पडतं.

मला रडू आलं होतं. पण त्या अंगणात ती सोयच नव्हती. हवा लख्ख होती, उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि रडलो असतो तर रडलो असं दिसलं असतं.

“शपथ घेतली होतीस,” मी म्हणालो. “बडगीवर. हात लागला तर भाऊ म्हणू नको, म्हणालास.”

“हात कोठे लागना?” त्याने दोन्ही हातमोजे वर केले. “एक दिन लागना नही. बडगीनी आन.”

“आणि जावळात टाळी वाजवलीस ती?”

तेव्हा मात्र त्याने हात खाली घेतले. “मंग काय करू? तू उभा राहीसनी भाषण देस, लोके टाळ्या वाजाडतस. गच्चीवर हाई ग्रिल, खाले तू. तठे मी कसा सांगू? नंतर सांगसू, नंतर सांगसू म्हनता डिसेंबर उना.” मग म्हणाला, “काल तू दोन भाकरी खाद्यात. म्या मोज्यात.”

उत्तर नसलं की माणसाने आवाज चढवावा, हे मी सरकारी नोकरीत शिकलो. मी आवाज चढवला. म्हणालो, आजपासून तुझी वाट वेगळी, माझी वेगळी. म्हणालो, बडगी मी नेतो, पुढच्या डिसेंबरात तिसऱ्या रविवारी माझ्या परसात काड्या पेटतील, त्या मी एकटा पेटवीन, आणि तू इथे तुझ्या लोखंडापुढे राजा होऊन उभा राहा. म्हणालो, एकतीस वर्षं मी ज्याला भाऊ समजलो तो पाऊण पाऊण इंचाने माझ्यापासून लांब गेला आणि मला सुताराकडून कळलं. कौतिकबाई थर्मामीटर हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. वाक्यं आता एकामागून एक येत होती. पारोळ्याच्या अलीकडे तयार केलेली सगळी सापडली.

जीवरामने हातमोजे काढले, ओट्यावर ठेवले, आणि उघड्या हाताने जाळीवरचं एक वांगं उचललं. चटका बसला असणार. चेहरा तसा झाला. पण सोडलं नाही. ते त्याने बडगीत ठेवलं.

“सोली दे,” तो म्हणाला. “तुनासारखं माले येत नही.”

मी सवयीने हात घातला. वांगं जाळीवरून नुकतंच उतरलेलं होतं. उजव्या अंगठ्याला असा चटका बसला की तोंडातलं शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं. मी बोट झटकलं. मी वांगं बाहेर काढून त्याच्या ओट्यावर ठेवलं, बडगी दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली आणि निघालो. कौतिकबाईंनी वाट दिली. ओसरी ओलांडली, फाटकापर्यंत गेलो. आता मागे वळून बघायचं नाही, हे शेवटचं, असं मनाशी म्हटलं. हात गुंतलेले असल्यामुळे फाटक पायाने उघडलं. अंगठा ठणकत होता.

मग वळलो.

“जीवराम,” मी म्हणालो, “त्यातला उजव्या हाताचा तेवढा मोजा देतोस का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय.”